वाचकांचे प्रश्न : नकाशात झाडाची माती कुठे आहे?

शहरात झाडं लावावीत की घरं बांधावीत, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं वृक्षतज्ज्ञ आणि वास्तुरचनाकार यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमची तीन मजली इमारत पाडून नवी बांधायची आहे. आवारात बरीच मोठी झाडं आहेत. बिल्डर म्हणतो, घरं वाढवायची तर झाडं जाणारच. हे खरं आहे का?

घरं वाढली म्हणून झाडं जात नाहीत. इमारतीने आणि गाड्यांनी जमिनीवर पाय पसरले की जातात. हिशेब करून पाहा. प्लॉट २००० चौरस मीटरचा आणि बांधकाम ३००० चौरस मीटरचं धरू. ते तीन मजल्यांत बसवलं तर १००० चौरस मीटर जमीन व्यापते, सहा मजल्यांत ५००. बांधकाम दुप्पट करून बारा मजले चढवले तरी जमीन तेवढीच, ५००. म्हणजे कागदावर १५०० चौरस मीटर मोकळे राहायला हवेत.

ते राहत नाहीत, कारण एक गाडी उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागत असले, तरी तिला आत-बाहेर काढायची वाट धरली की आकडा २५ ते ३० वर जातो. चाळीस गाड्या उघड्यावर लावल्या की हजार-बाराशे चौरस मीटर संपले. त्यावर उपाय म्हणून बेसमेंट सुचवतात आणि ते एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत खणतात. मग झाडाला खाली माती उरतच नाही. नकाशात वर जो हिरवा रंग दिसतो, तो स्लॅबवरचा ३०-४० सेंटिमीटरचा थर असतो. त्यात हिरवळ आणि झुडपं तग धरतात. मोठ्या झाडाला किमान मीटर-सव्वा मीटर खोल माती हवी. भिजलेली माती घनमीटरला १.८ ते २ टन भरते, म्हणजे १.२ मीटरच्या थराचा भार दर चौरस मीटरला दोन टनांच्या वर जातो. हा भार स्लॅबचं डिझाइन करतानाच धरावा लागतो. इमारत उभी राहिल्यावर ‘इथे दोन मोठी झाडं लावू’ म्हणून काही होत नाही.

तेव्हा बिल्डरला मजले किती हे विचारण्याआधी बेसमेंटची रेषा कुठे थांबते ते विचारा. ही रेषा इमारतीच्या बाह्यरेषेच्या फार बाहेर जाऊ देऊ नका. गाड्या कमी जागेत बसवायला यांत्रिक मजली पार्किंग चालतं. अग्निशमन गाडीची वाट पक्की ठेवावीच लागते, मग रोजच्या गाड्यांनाही तीच वाट द्या, दुसरी काढू नका. आणि मोकळी जागा चहूबाजूंनी दीड-दीड मीटरच्या पट्ट्यांत वाटण्यापेक्षा, जिकडे जुनी झाडं जास्त आहेत तिकडे एकसंध ठेवा. दीड मीटरच्या पट्टीत शेवटी ड्रेनेजची चेंबरं आणि केबलीच जातात.

प्रश्न : झाड ठेवायचं ठरलं, तर त्याच्यापासून किती अंतरावर खणलं तर चालतं?

टेप घ्या. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. व्यासाची बारा पट म्हणजे बुंध्याभोवती राखायच्या वर्तुळाची त्रिज्या. ब्रिटनच्या २०१२ च्या ‘बीएस ५८३७’ या मानकातला हा नियम आहे. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५० आणि त्रिज्या ६ मीटर, म्हणजे सुमारे ११३ चौरस मीटर जमीन. आकडेमोड नको असेल तर घेराची चौपट धरा, थोडं जास्तच राखलं जाईल. फार जाड झाडांना हे वर्तुळ ७०७ चौरस मीटरच्या पुढे वाढवत नाहीत.

बहुतेकांना वाटतं, मुळं सरळ खाली जातात. झाडाला पोसणारी बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटरमध्ये असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणून झाडाला कुऱ्हाडीइतकाच धोका ट्रक, जेसीबी आणि वाळूच्या ढिगाचा असतो. माती दबण्याचं बहुतेक काम वाहनाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. मातीतली हवेची पोकळी गेली की पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. कुंपण बांधकामानंतर घालून उपयोग नाही. जुनी इमारत पाडायला यंत्र येतं त्याच्या आदल्या दिवशी ते उभं हवं. पट्टी किंवा दोरी नको, जमिनीत रोवलेले खांब आणि पत्रे हवेत, कारण दोरी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बाजूला करतो. वर्तुळातून वाट काढणं टळतच नसेल तर लाकडाच्या चिपांचा १५ सेंटिमीटर थर आणि त्यावर जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेटा टाका.

आणखी चार गोष्टी साइटवर हमखास घडतात. सिमेंट मिक्सर झाडाखाली धुतात आणि त्या पाण्याने माती अल्कधर्मी होते. खणलेली माती बुंध्याभोवती पसरतात. २०-३० सेंटिमीटरचा भराव वरवर निरुपद्रवी दिसतो, पण मुळांचा श्वास कोंडतो. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनीचा चर बुंध्याजवळून सरळ काढतात, तेव्हा एका बाजूची सगळी मुळं एका दिवसात जातात. लाइन वळवता येत नसेल तर मुळांच्या खालून, जमिनीत आडवं छिद्र पाडून ती नेता येते. चौथी गोष्ट, जेसीबीने मुळं ओढून फाटतात. अडीच सेंटिमीटरपेक्षा बारीक मूळ धारदार करवतीने स्वच्छ कापलं तर झाड सहन करतं. त्याहून जाड मुळाला जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

झाड लगेच मरत नाही, ही यातली खरी अडचण आहे. शेंडे वाळणं, पानं लहान येणं, एका बाजूची फांदी सुकणं हे दोन ते पाच वर्षांनी दिसू लागतं. तोवर कंत्राटदार हिशेब चुकता करून गेलेला असतो आणि दोष ‘रोगावर’ जातो. म्हणून करारातली अनामत रक्कम ताबा दिल्यावर लगेच परत करू नका. झाडांपुरता काही भाग तीन वर्षं अडकवून ठेवण्याची अट घाला.

पायाबद्दलही बोलून घ्या. भिंतीखाली सलग खोदायचा पाया मुळांना सर्वांत वाईट. त्याऐवजी मोजक्या ठिकाणी पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, उतरवून तुळई जमिनीच्या वर ठेवली तर मधली मुळं वाचतात. खर्च वाढतो. तो एका भिंतीपुरता करायचा की इमारतच दोन मीटर सरकवायची, हे नकाशा कच्चा असतानाच ठरतं.

प्रश्न : झाडं तोडणार नाही, दुसरीकडे हलवू, असं आश्वासन मिळालं आहे. मोठी झाडं खरंच हलवता येतात?

येतात, पण आश्वासन देतात तितक्या सहज नाही. मुळांभोवतीचा मातीचा गोळा बुंध्याच्या व्यासाच्या दहा ते बारा पट रुंद हवा. ३० सेंटिमीटर जाडीच्या झाडाला तीन मीटर रुंद, मीटरभर खोल गोळा लागतो. तो सुमारे सात घनमीटर, म्हणजे मातीचंच वजन बारा टन. मोठी क्रेन लागते, आणि तेवढं वाहन वळेल एवढा रस्ताही. तरीही मुळांचा मोठा भाग मागेच राहतो. नीट करायचं तर आधी काही महिने टप्प्याटप्प्याने गोळ्याभोवती चर खणून मुळं कापतात, म्हणजे गोळ्यातच नवी तंतुमुळं फुटतात. एका रात्रीत उपटून सगळ्या फांद्या छाटलेला सोट नेऊन रोवतात, त्याला पुनर्रोपण म्हणू नये.

ताडमाड वर्गातली झाडं लहान गोळ्यावरही जगतात. वड-पिंपळाच्या कुळातली फांदीवरूनही फुटतात. बाकीच्या जाड, जुन्या झाडांबाबत आमचं मत स्पष्ट आहे : तो पैसा झाड जागेवर ठेवायला किंवा नव्या झाडांच्या मातीला लावा. हलवायचंच असेल तर खड्डा आधी तयार आहे का, तीन वर्षं पाणी कोण घालणार आणि तिसऱ्या वर्षअखेर किती झाडं जिवंत आहेत ते कोण मोजणार, हे लेखी घ्या. पहिल्या पालवीवर विश्वास ठेवू नका. ती खोडात साठलेल्या अन्नावर येते.

प्रश्न : एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावली तर नुकसान भरून निघत नाही का?

झाडांची मोजणी डोक्यांनी होत नाही. सावली आणि गारवा पानांच्या पसाऱ्यातून येतो. बारा मीटर व्यासाच्या छत्रीखाली, म्हणजे फांद्या-पानांच्या घेराखाली, ११३ चौरस मीटर सावली असते. रोपाची छत्री एक मीटर धरली तर तेवढ्याच सावलीला १४४ रोपं लागतील. आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला लावली तर इथल्या रस्त्यावर ऊन पडतं ते पडतंच.

दाट लावणीच्या पद्धतीत, जी जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाते, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. पक्ष्यांना आसरा, धुळीला आडोसा, पडीक तुकडा झाकणं यासाठी ती चांगली आहे. पण त्या रोपांतली बरीच स्पर्धेत मरतात. ते त्या पद्धतीत गृहीतच आहे. तेव्हा तिथल्या रोपांचा आकडा तोडलेल्या वडाच्या समोर मांडणं म्हणजे हिशेबाची फसवणूक आहे. बदल्यात रोपं किती, यापेक्षा दहा वर्षांनी छत्री किती चौरस मीटर असेल आणि तिला माती किती दिली आहे, हे मागा.

प्रश्न : घर परवडत नाही म्हणून लोक दूर राहतात आणि रोज कित्येक तास प्रवासात घालवतात. बांधकामाला झाडांच्या नावाने विरोध करणारे बहुधा आधीच घर असलेले असतात. यावर तुम्ही काही बोलणार का?

बोलायलाच हवं, कारण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. समोर इमारत आली तर वारा अडेल, गर्दी वाढेल, अशी खरी तक्रार असते आणि पत्रात मात्र झाड लिहिलेलं असतं. शहराच्या मध्यभागी घरं अडवली की माणसं नाहीशी होत नाहीत, ती काठावर जातात. हेक्टरी २५ घरांच्या दराने हजार घरांना ४० हेक्टर जमीन लागते, हेक्टरी १०० घरांच्या दराने १०. उरलेले ३० हेक्टर म्हणजे काठावरचं शेत, राई, ओढा. मध्यभागी दहा झाडं वाचवून काठावरची हजार घालवणं हा झाडांच्याही हिशेबाने तोट्याचा सौदा आहे.

त्याला एक अट मात्र आहे. काठावरची जमीन खरोखर मोकळी राहणार असेल तरच हा युक्तिवाद टिकतो. आत टॉवर आणि बाहेर बंगल्यांचे प्लॉट, दोन्ही चालू असतील तर तो फक्त झाडं तोडण्याचा परवाना होतो. शिवाय काठावरचं जंगल मध्यभागातल्या बसथांब्यावर सावली देत नाही. एक लिटर पाणी पानांतून बाष्प होऊन गेलं की विजेच्या ०.६८ युनिटइतकी (किलोवॅट-तास) उष्णता शोषली जाते. दिवसाला शंभर लिटर उडवणारं मोठं झाड सुमारे ६८ युनिट उष्णता शोषतं, पण तिथल्या तिथे.

क्रम लावायचा तर आधी उघडी पार्किंगची मैदानं, एकमजली गोदामं, ओस पडलेली आवारं बांधायला घ्यावीत. तिथे झाडं मुळात कमी असतात. बुंधा पोकळ झालेलं, बुरशी लागलेलं किंवा आधीच्या चराने निम्मी मुळं गमावलेलं झाड वाचवण्यासाठी वीस घरं अडवू नयेत. उलट निरोगी, पसरलेलं जुनं झाड प्लॉटच्या कडेला असेल तर त्यासाठी इमारत वळवायला सांगणं अवाजवी नाही.

प्रश्न : ‘प्रकल्प हिरवा आहे’ असं प्रत्येक जाहिरातीत असतं. ते तपासायचं कसं?

बर्लिनने १९९४ मध्ये यासाठी एक साधी पद्धत आणली आणि पुढे इतर शहरांनी ती आपापल्या परीने उचलली. प्लॉटवरच्या प्रत्येक पृष्ठभागाला गुण द्यायचे. मूळ पद्धतीत काँक्रीट-डांबराला ०, थोडं पाणी मुरू देणाऱ्या फरशीला ०.३, स्लॅबवरच्या ८० सेंटिमीटरपेक्षा कमी मातीला ०.५, त्याहून जास्त मातीला आणि हिरव्या छताला ०.७, आणि खालपर्यंत जमिनीशी जोडलेल्या मातीला पूर्ण १. क्षेत्रफळाला गुणाने गुणून बेरीज करायची आणि प्लॉटच्या क्षेत्रफळाने भागायचं. नव्या निवासी इमारतीसाठी ०.६ अपेक्षित होते.

आपला २००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. इमारत ६०० वर, छत उघडं : ०. बेसमेंटवरची हिरवळ ८०० गुणिले ०.५ : ४००. उरलेले ६०० काँक्रीट : ०. उत्तर ०.२. जाहिरातीत हाच ‘४० टक्के हिरवाई’चा प्रकल्प असतो, कारण ८०० म्हणजे २००० चे ४० टक्केच. आता दुसरा नकाशा : इमारत ५००, त्यातल्या २०० चौरस मीटर छतावर माती आणि झाडोरा : १४०. खरी जमीन ९०० : ९००. मुरणारी फरशी ६०० : १८०. बेरीज १२२०, उत्तर ०.६१. घरांची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवता येते, दुसऱ्यात मजले थोडे वाढतील इतकंच. हा तक्ता घरबसल्या दहा मिनिटांत होतो. बिल्डरकडून फक्त ‘स्लॅबच्या बाहेरची जमीन’ हा आकडा मागून घ्या. तो द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

प्रश्न : आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर दरवर्षी रोपं लावतात, ती वाढतच नाहीत.

मीटर बाय मीटर बाय मीटर खड्ड्यात एक घनमीटर माती येते. ढोबळ नियम असा, की छत्रीच्या दर चौरस मीटरला ०.६ घनमीटर माती हवी. म्हणजे त्या खड्ड्यात दीड-पावणेदोन चौरस मीटरची छत्री, थोडक्यात एक झुडूप पोसलं जातं. आठ मीटर छत्रीच्या झाडाला ३० घनमीटर लागतात. हे भलतंच वाटेल, पण दोन मीटर रुंद, एक मीटर खोल आणि १५ मीटर लांब सलग चर म्हणजे बरोबर ३० घनमीटर. वर फरशी, खाली माती. शेजारच्या झाडांची मुळंही एकमेकांच्या मातीत जाऊ शकतात, म्हणून सलग चर सुट्या खड्ड्यांपेक्षा केव्हाही चांगला.

फरशीखाली माती नुसती भरली तर ती खचते आणि दाबली तर मुळं मरतात. यावर मार्ग निघाले आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेल्या मिश्रणात वजनाने सुमारे ८० टक्के खडी आणि २० टक्के चिकण-पोयटा माती असते. भार खडी पेलते, पोकळीतल्या मातीत मुळं वाढतात. स्टॉकहोममध्ये १०० ते १५० मिलिमीटरचे दगड रचून फटींत माती धुऊन उतरवतात आणि हवेसाठी वर जाळी ठेवतात. अशा मिश्रणात माती थोडीच असते, त्यामुळे आकारमान जास्त धरावं लागतं. फुटपाथ नव्याने करतानाच हे शक्य आहे.

रोप लावतानाच्या चुका वेगळ्या. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत उतरतो, ती जागा जमिनीच्या पातळीला दिसली पाहिजे. ती पुरली की साल कुजते. खड्डा गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद करा, पण गोळ्यापेक्षा खोल नको, नाहीतर रोप खाली बसतं. पिशवी पूर्ण काढा. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापा, नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी तीच बुंध्याला फास लावतात. आधाराच्या काठ्या दोन, बांधणी सैल, आणि वर्षभराने काढून टाका. पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते १० सेंटिमीटर, बुंध्यापासून थोडं दूर. पाणी रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर, बोट १० सेंटिमीटर खाली घालून माती कोरडी लागली की. हे दोन-तीन वर्षं करावं लागतं. लावणीचा फोटो काढायला येणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

अरुंद, दोन्हीकडे उंच इमारती असलेल्या आणि सतत वाहनं चालणाऱ्या रस्त्यावर मात्र छत्र्या एकमेकींना भिडू देऊ नका. धूर वर जायला वाट राहत नाही आणि चालणाऱ्याच्या नाकाशी साठतो. तिथे झाडांत अंतर जास्त ठेवा किंवा एकाच बाजूला लावा.

प्रश्न : इमारतीवरच झाडं लावली तर भांडणच मिटेल ना?

मिलानमध्ये २०१४ साली पूर्ण झालेल्या ‘बोस्को व्हर्टिकाले’ या दोन टॉवरांच्या बाल्कन्यांत सुमारे ८०० झाडं आहेत. ती छान वाढतात. त्यासाठी मातीचा भार धरलेल्या बाल्कन्या, वाऱ्यात उलटू नयेत म्हणून बांधलेली मुळं, पंपाने पाणी आणि दोरावरून लटकून छाटणी करणारी माणसं लागतात. देखभालीचा मासिक खर्च कोण देणार ते आधी ठरवा. पंप आठवडाभर बंद पडला तर उन्हाळ्यात कुंडीतलं झाड वाचत नाही.

प्रश्न : मुळांनी पाया फुटतो म्हणून भिंतीजवळचं जुनं झाड काढून टाकावं, असं शेजारी म्हणतात.

धडधाकट पाया मूळ फोडत नाही. कुंपणाची हलकी भिंत आणि फरशी मात्र उचलली जाते. ड्रेनेजच्या पाइपातही मूळ शिरतं ते बहुधा आधीच गळत असलेल्या सांध्यातून, म्हणून सांधा दुरुस्त करा. खरा प्रश्न काळ्या चिकण मातीचा आहे. ती सुकली की आक्रसते, भिजली की फुगते. मोठं झाड उन्हाळ्यात पाणी शोषून ती जास्त सुकवतं आणि उथळ पाया एका बाजूने खचतो. तडा तिरका असेल, उन्हाळ्यात रुंदावत आणि पावसात मिटत असेल तर हा संशय घ्या. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून वर्षभर दर महिन्याला अंतर मोजा, मगच निर्णय घ्या.

अशा मातीत जुनं झाड एकदम तोडणंही धोक्याचं असतं. इतकी वर्षं सुकलेली माती पुन्हा पाणी घेते, काही वर्षं फुगत राहते आणि पाया वर उचलला जातो. म्हणून आधी छत्री विरळ करून किंवा भिंतीकडची मुळं अडवणारा खोल पडदा घालून पाहतात. त्याच जागी नवी इमारत येणार असेल, तर झाड आधी होतं हे पायाचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला कळवा आणि मातीची तपासणी त्या जागेवर वेगळी करून घ्या.